'द सिम्प्सन्स' सूची: दडलेले संदर्भ, निसटलेल्या चुका आणि त्यामागचे हात

१४ जानेवारी २०२४

कामाची हद्द आज पक्की केली. 'द सिम्प्सन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेचे पहिले दहा सीझन घ्यायचे, म्हणजे डिसेंबर १९८९ ते मे १९९९. नंतरचा एखादा भाग या दहांतल्या गोष्टीला थेट उत्तर देत असेल तर तोही येईल, एरवी नाही.

या मालिकेतल्या चुकांच्या आणि लपवलेल्या गमतींच्या याद्या हव्या तितक्या मिळतात. पण बहुतेकींमध्ये सगळं एकत्र कालवलेलं असतं. लेखकाने डोकं लावून फळ्यावर लिहिलेलं समीकरण आणि रंग ठरवताना झालेली गफलत एकाच रांगेत, एकाच थाटात. मला हे खटकतं. त्यामुळे आमच्या तक्त्यात भाग, उत्पादन क्रमांक, प्रसारणाची तारीख, वेळ आणि 'काय दिसलं' या रकान्यांनंतर आणखी एक रकाना आहे: 'कोणाला माहीत होतं?'

एका भागाला किती हात लागतात बघा. पटकथा लिहिणारे, स्टोरीबोर्ड काढणारे, रंग ठरवणारे, मधली चित्रं काढून रंगवणारे, संकलक, शेवटी दाखवणारी वाहिनी. दिसलेली गोष्ट यांतल्या कोणाच्या हातून आली आणि ती आल्याचं त्याला ठाऊक होतं का, एवढं कळलं की तिला संदर्भ म्हणायचं की चूक, हा प्रश्न सुटतो. याद्या करणाऱ्यांनी हे विचारलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पुरावा म्हणून तीनच गोष्टी चालतील: पडद्यावरची फ्रेम, मालिका करणाऱ्यांनी स्वतः सांगितलेलं, आणि जिथे गणित असेल तिथे गणित. मावसभाऊ फ्रेम काढून देणार, मी तपासून लिहिणार.

२० जानेवारी

तक्ता आधी प्रसारणाच्या क्रमाने लावला होता. आता उत्पादन क्रमांकाने लावायचा.

कारण पहिल्याच सीझनमध्ये दडलंय. १७ डिसेंबर १९८९ ला पहिल्यांदा दिसला तो नाताळचा भाग, 'सिम्प्सन्स रोस्टिंग ऑन अ‍ॅन ओपन फायर'. त्याचा क्रमांक ७जी०८. आणि ७जी०१, म्हणजे सगळ्यात आधी बनलेला 'सम एन्चांटेड इव्हनिंग', दिसला १३ मे १९९० ला, सीझनच्या अगदी शेवटी. त्याचं अ‍ॅनिमेशन दक्षिण कोरियातून तयार होऊन आलं तेव्हा निर्मात्यांना ते अजिबात पसंत पडलं नाही. जवळजवळ ७० टक्के भाग पुन्हा करावा लागला, त्यात मालिकेचा मुहूर्तच पुढे गेला आणि सुरुवात नाताळच्या भागाने झाली.

म्हणजे प्रेक्षकाच्या हिशेबात जो तेरावा, तो करणाऱ्यांच्या हिशेबात पहिला. त्यात एखादं पात्र कच्चं, वेगळ्या चेहऱ्याचं दिसलं तर 'सीझन संपताना हे असं कसं झालं?' हा प्रश्नच उरत नाही. तेव्हा ते पात्र अजून ठरतच होतं. पहिल्या सीझनसाठी गोळा केलेल्या 'चुकां'पैकी बऱ्याच नुसता क्रम बदलल्यावर गळून पडल्या.

२८ जानेवारी

स्मिदर्स: सिम्प्सन कुटुंबातला बाप होमर ज्या अणुऊर्जा केंद्रात काम करतो, त्याच्या मालकाचा, बर्न्सचा मदतनीस.

भाग 'होमर्स ओडिसी', २१ जानेवारी १९९०, क्रमांक ७जी०३. पहिल्या भागात स्मिदर्सचा फक्त ध्वनिक्षेपकावरचा आवाज ऐकू येतो, प्रत्यक्ष दिसतो तो इथे. आणि दिसतो तो सावळ्या कातडीचा, निळ्या केसांचा. पुढे कायमचा पिवळा.

यावर तर्क भरपूर लढवले जातात: पात्र मुळात कृष्णवर्णीय होतं, मग वाद नको म्हणून बदललं, वगैरे. करणाऱ्यांनी सांगितलेलं कारण साधं आहे. त्या वेळी पात्रांचे रंग ठरवण्याचं काम ग्यॉर्गी पेलूत्से यांच्याकडे होतं. सिम्प्सन कुटुंबाला पिवळा रंग देण्याची कल्पनाही त्यांचीच. स्मिदर्सला लागलेला रंग हा तिथे झालेला घोटाळा होता, तो पहिल्यापासून इतरांसारखा पिवळाच असणार होता. चूक लक्षात आली तेव्हा पुन्हा रंगवायला वेळ आणि पैसा दोन्ही नव्हते, म्हणून भाग तसाच गेला.

इथे थोडं थांबून सेलवरच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पानांवरच्या कामाबद्दल लिहून ठेवते, कारण पुढच्या कितीतरी ओळींना ते लागणार आहे. तेव्हा चित्राच्या रेषा पारदर्शक सेलच्या पुढच्या बाजूला उमटवत आणि रंग मागच्या बाजूने भरत. रंगवणाऱ्याच्या समोर असायचा तो पात्राचा नमुना आणि त्यावरचे रंगांचे क्रमांक. क्रमांक चुकला की तो सेल चुकला, आणि तेच पात्र असलेले सगळे सेल तसेच चुकले. रंगवणाऱ्याच्या दृष्टीने त्याने दिलेलं काम तंतोतंत पार पाडलेलं असतं. म्हणून स्मिदर्ससमोर 'रंगवणाऱ्याची चूक' असं लिहायचं नाही. 'रंग ठरवताना' असं लिहायचं.

होमरचा मित्र बार्नी याचे केस हा मात्र वेगळा मामला. पहिल्या सीझनमध्ये ते त्याच्या कातडीइतकेच पिवळे आहेत, नंतर तपकिरी. कातडीच्याच रंगाचे केस फक्त सिम्प्सनांच्या घरात असावेत असं पुढे ठरलं, म्हणून ते बदलले. हा निर्णय आहे. त्याला चुकांमध्ये ढकलणं अन्यायाचं होईल.

डिजिटल रंगकामाचा पहिला प्रयोग २४ सप्टेंबर १९९५ च्या 'रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅन'मध्ये झाला, कायमचं ते चौदाव्या सीझनपासून आलं. आमच्या दहा सीझनमधलं जवळपास सगळं काम सेलवरचं आहे.

४ फेब्रुवारी

कोणती प्रत पाहायची, याचा निकाल लावला. जुने भाग ४:३ चौकटीतच, म्हणजे जुन्या टीव्हीच्या आकारातच पाहायचे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये 'डिस्ने प्लस' सुरू झालं तेव्हा तिथे जुने भाग रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापलेले होते. 'डफलेस' या भागात (१८ फेब्रुवारी १९९३) बिअरच्या कारखान्याची फेरी आहे. डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय अशी नावं रंगवलेली तीन पिंपं शेजारी-शेजारी दिसतात, आणि वर एकच नळ तिन्हींत उतरलेला असतो. सगळी गंमत त्या नळात. कापलेल्या चौकटीत नळ वरच्या कडेबाहेर जातो आणि उरतात नुसती तीन पिंपं. प्रेक्षकांनी आवाज उठवल्यावर मे २०२० मध्ये मूळ चौकटीचा पर्याय दिला गेला.

आमच्यासाठी याचा अर्थ असा की, कापलेल्या प्रतीवरून केलेल्या यादीत न सापडलेला संदर्भ 'नाही' असं म्हणता येत नाही. आणि पडद्याच्या कडेला एखादी गोष्ट अर्धवट तुटलेली दिसली, तर ती चूक काढणाऱ्यांच्या माथी मारता येत नाही. त्या रकान्यात 'कापणी' अशी वेगळी खूण ठेवली.

११ फेब्रुवारी

आज छोट्या नोंदी उरकल्या.

होमरचे कानावरचे केस म्हणजे इंग्रजी 'एम', कान म्हणजे 'जी': मालिकेचे जनक मॅट ग्रेनिंग यांची आद्याक्षरं. होमर, त्याची बायको मार्ज, मुली लिसा आणि मॅगी: ही ग्रेनिंग यांच्या आईवडिलांची आणि बहिणींची नावं. एव्हरग्रीन टेरेस हा ऑरेगनमधल्या पोर्टलंडमध्ये ते लहानाचे मोठे झाले तिथला रस्ता. फ्लँडर्स, लव्हजॉय, क्विम्बी ही पोर्टलंडच्या रस्त्यांचीच नावं.

'क्रस्टी गेट्स बस्टेड' (२९ एप्रिल १९९०): पोलिसांनी काढलेल्या फोटोत विदूषक क्रस्टीच्या हातातल्या पाटीवर ए-११३. ही कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समधली अ‍ॅनिमेशनच्या विद्यार्थ्यांची खोली. या भागाचे दिग्दर्शक ब्रॅड बर्ड, तेही त्याच खोलीत शिकलेले. हा आकडा पुढे पिक्सारच्या चित्रपटांतून फिरत राहिला. 'कोणाला माहीत होतं' या रकान्यात इथे मी 'वर्गमित्रांना' लिहिलंय. बाकी जगासाठी तो नुसता कैद्याचा क्रमांक. ज्याला कळेल त्याला कळावं अशी ठेवलेली ही खूण मला फार आवडते.

घर क्रमांक ७४२ पुढे पक्का झाला. पण 'होमर्स ट्रिपल बायपास'मध्ये (१७ डिसेंबर १९९२) पोलीस गुन्हेगाराला पकडायला ७४२ एव्हरग्रीन टेरेसवर निघतात, आणि ते सिम्प्सनांचं घर नाही. तेव्हा हा आकडा कोणाचाच नव्हता, म्हणून वापरला गेला. ही 'ठरण्याआधीची' ओळ. अशा ओळींसाठी वेगळा रंग दिला.

देवाची बोटं: 'होमर द हेरेटिक' (८ ऑक्टोबर १९९२) मध्ये देवाला पाच बोटं, बाकी सगळ्या गावाला चार. मुद्दाम.

१८ फेब्रुवारी

मॅगीची किंमत.

सुरुवातीच्या दृश्यात किराणा दुकानातल्या काउंटरवर मॅगी चुकून सामानासोबत सरकते आणि यंत्रावर आकडा उमटतो: ८४७.६३ डॉलर. क्षणभरच. त्या काळी अमेरिकेत तान्ह्या बाळाच्या महिन्याच्या खर्चाचा म्हणून हा आकडा घेतलेला होता.

आता यावर चढलेला दुसरा थर. ३ डिसेंबर १९९५ च्या 'द सिम्प्सन्स १३८वा एपिसोड स्पेक्टॅक्युलर'मध्ये ट्रॉय मॅक्क्लूर हे नटाचं पात्र प्रेक्षकांना प्रश्न विचारतं की यंत्रावर काय दिसतं, आणि उत्तर म्हणून बंदूकवाल्यांच्या संघटनेचा जयजयकार करणारी अक्षरं दाखवतं. ते दृश्य त्या भागासाठी खास केलेलं आहे, नेहमीच्या सुरुवातीत तसं काहीही नाही. तरी 'सिम्प्सन्समधला गुप्त संदेश' म्हणून ते अनेक याद्यांत खरं मानून बसलेलं आहे. लेखकांनी यादी करणाऱ्यांची चेष्टा केली आणि यादी करणाऱ्यांनी ती चेष्टाच यादीत घातली.

या भागाच्या श्रेयनामावलीत लेखक म्हणून 'पेनी वाइज' आणि दिग्दर्शक म्हणून 'पाउंड फूलिश' ही नावं आहेत. दोन्ही टोपणनावं, एका इंग्रजी म्हणीचे दोन तुकडे. जुन्या तुकड्यांतून जुळवलेल्या भागावर करणाऱ्यांनी खरी नावं घातली नाहीत.

फेब्रुवारी २००९ मध्ये मालिका हाय-डेफिनिशनमध्ये गेली तेव्हा सुरुवातही नव्याने काढली. त्यात २४३.२६ हा आकडा मॅगीमुळे दुप्पट होऊन ४८६.५२ होतो. जुना आकडा गेला, त्यातला संदर्भही गेला.

३ मार्च

आजचा दिवस समीकरणांचा. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि त्याचं सार्थक झालं.

'ट्रीहाउस ऑफ हॉरर ६' (२९ ऑक्टोबर १९९५), होमर तिसऱ्या मितीत शिरतो ती गोष्ट. त्याच्या मागे हवेत तरंगणारं:

१७८२ चा बारावा घात + १८४१ चा बारावा घात = १९२२ चा बारावा घात

फर्माचं शेवटचं प्रमेय सांगतं की दोनापेक्षा मोठ्या घातासाठी असे धन पूर्णांक असूच शकत नाहीत. अँड्र्यू वाइल्स यांची सिद्धता मे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली होती. म्हणजे साडेतीनशे वर्षांनी प्रमेय सिद्ध झालं आणि पाच-सहा महिन्यांत होमरच्या मागे त्याला खोटं पाडणारं उदाहरण झळकलं.

मावसभावाने फ्रेम काढली, कॅल्क्युलेटर उघडला आणि ओरडलाच, "ताई, बरोबर येतंय की हे!"

कॅल्क्युलेटरवर बरोबर यावं म्हणूनच ते निवडलंय. दोन्ही बाजूंच्या संख्या चाळीस अंकी आहेत. डावीकडची सुरू होते २५४१२१०२५८६ अशी, उजवीकडची २५४१२१०२५९३ अशी. पहिले नऊ अंक सारखे. दहा अंक दाखवणारा कॅल्क्युलेटर पुढचं गोल करतो आणि दोन्हीकडे एकच उत्तर देतो. बेरजेचं बारावं मूळ काढलं तर १९२१.९९९९९९९६ च्या जवळ येतं.

पण कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनीही हे खोटं पाडता येतं. १७८२ सम, त्याचा घात सम. १८४१ विषम, त्याचा घात विषम. सम आणि विषम मिळून विषम. आणि उजवीकडे १९२२ चा घात सम. झालं. मावसभावाला हे दाखवलं तेव्हा तो थोडा वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "म्हणजे ताई, मशीनला फसवलं, माणसाला नाही."

आता दुसरं. 'द विझर्ड ऑफ एव्हरग्रीन टेरेस' (२० सप्टेंबर १९९८), होमरच्या फळ्यावर:

३९८७ चा बारावा घात + ४३६५ चा बारावा घात = ४४७२ चा बारावा घात

इथे सम-विषमची युक्ती चालत नाही. दोन्ही विषम, बेरीज सम, उजवीकडे सम. शेवटचा अंकही जुळतो, दोन्हीकडे ६. पहिले दहा अंक सारखे. मग पकडायचं कुठे? तीनने. ३९८७ च्या अंकांची बेरीज २७, ४३६५ च्या अंकांची १८, म्हणजे दोन्ही संख्यांना तीनने भाग जातो, त्यांच्या घातांनाही जातो, बेरजेलाही जातो. ४४७२ च्या अंकांची बेरीज १७. तीनने भाग जात नाही, घातालाही जाणार नाही. समीकरण खोटं.

तीन वर्षांत लबाडी किती सफाईदार झाली बघा. दोन्ही उदाहरणं डेव्हिड एक्स. कोहेन यांची. हार्वर्डमध्ये पदार्थविज्ञान आणि बर्कलीत संगणकशास्त्र शिकलेले लेखक, आणि अशा 'जवळजवळ बरोबर' संख्या शोधायला त्यांनी संगणकावर प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावर काही क्षण दिसणाऱ्या ओळीसाठी.

याला 'चूक' म्हणणाऱ्या याद्या मी पाहिल्या आहेत: 'फळ्यावरचं समीकरण चुकीचं आहे'. आमच्या तक्त्यात ही ओळ 'लेखकाला पूर्ण माहीत' खाली, सगळ्यात वर.

५ मार्च

त्याच तिसऱ्या मितीतलं उरलेलं. तरंगणाऱ्या जोड्यांची एक रांग: ४६ ७२ ६९ ६ई ६बी २० ७२ ७५ ६सी ६५ ७३ २१. हे सोळाच्या पायातले आस्की संकेत. ४६ म्हणजे 'एफ', ७२ म्हणजे 'आर', २० ही मोकळी जागा, २१ हे उद्गारचिन्ह. सगळं उलगडल्यावर 'फ्रिंक रूल्स!' निघतं. फ्रिंक हा मालिकेतला शास्त्रज्ञ, आणि त्या गोष्टीत तिसऱ्या मितीचा उलगडा तोच करतो. मावसभावाने स्वतः तक्ता घेऊन अक्षर न् अक्षर लावलं.

तिथेच 'पी बरोबर एनपी' हे संगणकशास्त्रातलं न सुटलेलं कोडं सुटलेलं दाखवलंय, ऑयलरचं समीकरण आहे, आणि संगणकीय चित्रकलेत नमुना म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेलेली यूटा चहादाणीसुद्धा. तो तुकडा पॅसिफिक डेटा इमेजेसने संगणकावर केला होता, तेव्हा चहादाणी तिथे असणं अगदी रास्त.

पुरवणीत एक नंतरचा भाग घेतला, कारण परंपरा तीच: २१ मे २००६ ला दिसलेल्या भागात बेसबॉलच्या मैदानावर प्रेक्षकसंख्या ओळखायचे पर्याय ८१९१, ८१२८, ८२०८. पहिला मर्सेन मूळसंख्या, दोनाच्या तेराव्या घातातून एक वजा. दुसरा परिपूर्ण संख्या, स्वतःला सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज. तिसऱ्याच्या अंकांचे चौथे घात मिळवा: ४०९६ + १६ + ० + ४०९६ = ८२०८. कुठलाही आकडा चालला असता अशा जागी हे तीन ठेवले.

१७ मार्च

'हू शॉट मिस्टर बर्न्स?' पहिला भाग २१ मे १९९५, दुसरा १७ सप्टेंबर १९९५. मध्ये सगळा उन्हाळा.

बिल ओकली आणि जॉश वाइनस्टाइन यांनी हे रहस्य फ्रेम थांबवून सोडवता यावं असंच लिहिलं. घरोघरी व्हिडिओ रेकॉर्डर होते, पॉझचं बटण होतं. बर्न्स छायाघड्याळावर कोसळतो तेव्हा त्याचे हात दोन अक्षरांकडे असतात: प्रेक्षकाला दिसतात 'डब्ल्यू' आणि 'एस'. बर्न्सच्या बाजूने पाहिलं की 'डब्ल्यू' उलटून 'एम' होतो. एम. एस. मॅगी सिम्प्सन. घड्याळ उलटं वाचायचं, हे सुचावं म्हणून भागभर भिंतींवरची घड्याळं तीन किंवा नऊ वाजल्यावर ठेवली आहेत.

ही घड्याळं कित्येकजण 'वेळ पुढे सरकत नाही' म्हणून सातत्याच्या चुकांत टाकतात. इथे आमचा रकाना खऱ्या अर्थाने कामी आला. एरवी थांबलेलं घड्याळ म्हणजे पार्श्वभूमीचं चित्र पुन्हा वापरल्याची खूण. या भागात तोच पुरावा.

२४ मार्च

कालगणना. सगळे म्हणतात मालिकेने वयांचा कधी विचारच केला नाही. मग मी कागद घेऊन बसले.

'डफलेस'मध्ये होमरचं लायसन्स दिसतं: जन्म १२ मे १९५६. 'द वे वी वॉज' (३१ जानेवारी १९९१) सांगतो की होमर आणि मार्ज शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते ते १९७४ मध्ये. छप्पन आणि अठरा, चौऱ्याहत्तर. जुळलं. 'डफलेस' दिसला फेब्रुवारी १९९३ ला, तेव्हा होमर छत्तीस पूर्ण. हेही जुळलं.

'आय मॅरीड मार्ज' (२६ डिसेंबर १९९१): मुलगा बार्ट याची चाहूल लागते त्या सुमारास दोघं 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' पाहून बाहेर पडतात. तो चित्रपट मे १९८० चा. म्हणजे बार्टचा जन्म १९८१ च्या सुरुवातीचा, आणि भाग दिसला त्या दिवशी तो दहा वर्षांचा. जुळलं. 'लिसाज फर्स्ट वर्ड' (३ डिसेंबर १९९२): लिसाचा जन्म लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या वेळचा, १९८४. भाग दिसला तेव्हा आठ वर्षांची. हेही जुळलं!

पहिली काही वर्षं लेखक बोटांवर हिशेब करत होते, यात मला शंका उरलेली नाही. पात्रांची वयं गोठलेली आणि कॅलेंडर चालू, म्हणून पुढे ताण पडत गेला. आणि मग २७ जानेवारी २००८ चा 'दॅट नाइन्टीज शो' आला. त्यात लग्नाआधीचे होमर-मार्ज एकदम १९९० च्या दशकात, होमर ग्रंज बँडमध्ये. याच्यावर चाहते आजही चिडतात की जुना इतिहास पुसला. पण तोच हिशेब करून पाहा: २००८ मध्ये बार्ट दहाचा, म्हणजे जन्म १९९८ चा, म्हणजे आईबापांचं लग्नाआधीचं आयुष्य नव्वदीतच असणार. १९९१ ला जी वजाबाकी केली तीच २००८ ला केली, फक्त वरची संख्या बदलली. मला तरी हा भाग विसरभोळा वाटत नाही. आधीचं उत्तर पाठ करण्याऐवजी त्याने गणित पुन्हा सोडवलं.

'अँड मॅगी मेक्स थ्री' (२२ जानेवारी १९९५) इथेच. मुलं विचारतात, अल्बममध्ये मॅगीचे फोटो का नाहीत? उत्तर शेवटच्या चौकटीत. बर्न्सने होमरच्या टेबलासमोर लावलेली पाटी: 'विसरू नकोस, तू कायमचा इथेच आहेस.' होमरने त्या पाटीवर मॅगीचे फोटो अशा बेताने चिकटवलेत की उरलेली अक्षरं वाचली की होतं 'तिच्यासाठी कर'. ही फ्रेम मोठी करून पाहिली. एकेक फोटो नेमक्या नको त्या अक्षरावर आहे. एखाद्या गोष्टीच्या नसण्याचं असं कारण देणाऱ्या लेखकांवर 'यांना सातत्याची पर्वा नाही' असा सरसकट शिक्का मारणं मला पटत नाही.

६ एप्रिल

आवाजातले संदर्भ. 'लिसा द व्हेजिटेरियन' (१५ ऑक्टोबर १९९५) च्या शेवटी नामावलीवर पॉल मॅकार्टनी यांचं 'मेबी आय'म अमेझ्ड' वाजतं. ध्वनिफीत उलटी फिरवली की मागे मॅकार्टनी यांचाच आवाज: मसुराच्या सूपची कृती सांगताहेत, आणि शेवटी जाता जाता आपण जिवंत असल्याचं. 'पॉल वारला आणि बीटल्सच्या गाण्यांत उलट्या खुणा आहेत' या जुन्या वावडीला दिलेलं उत्तर.

याच भागाची दुसरी नोंद सातत्याची. लिसा पुढे कायम शाकाहारी राहील, या अटीवर मॅकार्टनी आले होते. ती राहिली.

१४ एप्रिल

'द इची अँड स्क्रॅची अँड पूची शो' (९ फेब्रुवारी १९९७), लेखक पुन्हा कोहेन. इची आणि स्क्रॅची हे मालिकेतली पात्रं पाहतात ते कार्टून, पूची हे त्यात नव्याने आणलेलं पात्र. हा १६७ वा भाग. याने 'द फ्लिंटस्टोन्स'चा १६६ भागांचा विक्रम मोडला, आणि नेमका विषय निवडला तो लांबलेल्या कार्टूनचा आणि त्याच्या चाहत्यांचा.

त्यातला एक चाहता उभा राहून विचारतो: २एफ०९ क्रमांकाच्या भागात इची स्क्रॅचीच्या सांगाड्याची एकच फासळी लागोपाठ दोनदा वाजवतो, मग सूर दोन वेगळे कसे? सगळे या प्रश्नाला हसतात. मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. प्रश्न अचूक आहे, उत्पादन क्रमांकासकट विचारलाय. (२एफ०९ हा खऱ्या मालिकेत 'होमर द ग्रेट'चा क्रमांक, म्हणजे लेखकांनाही चाहते कुठल्या भाषेत बोलतात ते ठाऊक होतं.) अडचण एवढीच की तो प्रश्न आवाज देणाऱ्यांना विचारलाय. होमरने फक्त पूचीला आवाज दिलाय. फासळी कोणी काढली आणि सूर कोणी लावला हे त्याला कुठून माहीत असणार? चित्रकाराला किंवा संगीतकाराला विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

२० एप्रिल

शेवटचा वादग्रस्त भाग: 'द प्रिन्सिपल अँड द पॉपर', २८ सप्टेंबर १९९७, लेखक केन कीलर. मुख्याध्यापक स्किनर हा मुळात स्किनर नाहीच, आर्मिन टॅमझेरियन नावाचा दुसराच माणूस आहे, असं निघतं. शेवटी न्यायाधीश त्याला स्किनरचं नाव परत देतात आणि ही गोष्ट पुन्हा कोणी काढायची नाही असा हुकूम सोडतात. स्किनरला आवाज देणारे हॅरी शिअरर यांनीही या भागाबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. आठ सीझन प्रेक्षकांनी ज्या माणसाला ओळखलं तो तोच नव्हता म्हणणं त्यांना मान्य नव्हतं, आणि इथे मी त्यांच्या बाजूची आहे. मालिकेने हिशेब पुन्हा मांडला तर मी तिच्या बाजूने बोलेन, पण इथे हिशेब नाही, पात्राचा पायाच काढून घेतलाय.

मावसभावाचं म्हणणं, ही सातत्याची सगळ्यात मोठी चूक, तेव्हा चुकांच्या पानावर पहिली ओळ हीच हवी. मी नाही म्हटलं. लेखक, दिग्दर्शक, नट, निर्माते, सगळ्यांना आपण काय मोडतोय ते माहीत होतं. न्यायाधीशाचा हुकूम हाच त्याचा पुरावा.

जोडीला ११ जानेवारी २००४ च्या भागातली ओळ. लिसाची मांजर स्नोबॉल दुसरी मरते, तिसरी मरते, चौथा बोका कोल्ट्रेनही मरतो. पाचवी मिळते तेव्हा लिसा ठरवते की हिलाच स्नोबॉल दुसरी म्हणायचं, म्हणजे काही बदललंच नाही असं होईल. शेजारून जाणारा स्किनर म्हणतो, ही फसवणूक आहे. लिसा त्याला शांतपणे प्रिन्सिपल टॅमझेरियन म्हणून हाक मारते, आणि तो निमूटपणे चालू लागतो.

टॅमझेरियनसाठी तक्त्यात नवा प्रकार उघडला: 'जाणूनबुजून मोडलेलं'. सध्या त्यात ही एकच ओळ आहे. मावसभावाने यादी पुन्हा वरपासून चाळायला घेतली आहे, त्याच्या मते या प्रकारात बसणाऱ्या आणखी दोन-तीन ओळी दुसऱ्या सीझनमध्ये आहेत. फ्रेम पाठवल्या की बघू.